आठव्या पायरीवरचा डाव

सुखदेव, तू गेलास तेव्हा लॅपटॉपवर तुझा एक डाव अर्धा राहिला होता. शोभावहिनींनी तो मला दाखवला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळी माणसं जेवून गेल्यावर. आठवी पायरी, म्हणजे शेवटची. खेळायचे दोन हात शिल्लक. मी पांढऱ्या सदऱ्यात तुझ्या टेबलापाशी उभा होतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आयुष्यभर पत्ते पिसलेला माणूस मी. समोर आठ पत्ते उघडे पडलेले, आणि त्यांचं करायचं काय हे मला ठाऊक नाही. लाज वाटली. तिथंच ठरवलं की हा गेम शिकायचा आणि तुझा डाव पुरा करायचा. नुसता पुरा नाही, जिंकायचा.

आपले पत्ते म्हणजे मेंढीकोट. कंपनीची बस उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावर यायची तेव्हा धड उजाडलेलं नसायचं आणि तू माझ्या आधी चढून शेवटचा बाक धरलेला असायचास. तुझ्या शेजारी डिस्पॅचमधला एक, त्याचा जोडीदार माझ्याबरोबर पुढच्या बाकावर उलटा वळून, आणि मधे तुझी ती रेक्झिनची बॅग. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट. नगर नाका यायच्या आत आपण त्या दोघांवर एक तरी कोट चढवायचो. तुझी डावी भुवई हलली की मला कळायचं, हुकूम तुझ्याकडं आहे. लबाडीच होती ती. पण इतक्या वर्षांत कुणाला पकडता आली नाही, आणि आता सांगून टाकायला हरकत नाही.

निवृत्त झाल्यावर तू बजाजनगरात घर घेतलंस. जन्मभर कंपनीपासून लांब राहिलास आणि काम सुटल्यावर कंपनीला खेटून बसलास, यावरून मी तुझी किती टर उडवली. मग तुझ्या किडन्या थकल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास तू डायलिसिसच्या मशीनला बांधलेला. डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. पल्लवीनं, तुझ्या लेकीनं, पुण्याहून येऊन तुला लॅपटॉपवर हा गेम घालून दिला, बाबांचा वेळ जाईल म्हणून. पुढच्या आठवड्यात तुझा मला फोन.

"दत्त्या, लई भारी गेम हाय. पोकरचे पत्ते, पण जुगार नाय. समोर कोणीच नाय. आपला कॅट आपणच बनवायचा. नको तो पत्ता काढून टाकायचा, पाहिजे तो घालायचा. आन् जोकर इकत घ्यायचे."

"जोकर? आरं, जोकर तर आपण खोक्यातच ठेवतो."

"तेच तर! इथं सगळा खेळ त्यांचाच हाय. ये गुरुवारी, दाखवतो."

मी आलो नाही. बिडकीनला पुतणीचं लग्न होतं. दुसऱ्यांदा बोलावलंस तेव्हा स्कूटर बिघडली होती. म्हणजे मी तसं सांगितलं. तिसऱ्यांदा तू जरा जोर करून म्हणालास, दत्त्या, ये ना, आपण दोघं मिळून खेळू, तेव्हा मी उखडलोच. म्हणालो, "यंत्राशी पत्ते खेळायला माणसं मेली का सगळी?"

 तू म्हणालास, "माणसं येत नायत, दत्त्या."

मी फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तीन आठवडे तू होतास आणि मी फोन केला नाही, कारण मला वाटलं आधी तू करशील. आपली भांडणं नेहमी तशीच मिटायची, तू आधी फोन करायचास.

आता खरं सांगतो. भांडण गेमचं नव्हतंच. तुझं डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात मी एकदा आलो होतो. जिना चढून त्या खोलीच्या दारापर्यंत. दाराला काच आहे. काचेतून तू दिसलास, डोळे मिटलेला, आणि तुझं रक्त नळीतून बाहेर चाललेलं. मी तिथूनच फिरलो. खाली येऊन टपरीवर चहा घेतला, पैसे दिले, घरी गेलो, आणि घरी बायकोला सांगितलं की भेटून आलो, बरा आहे. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये अपघात झालेल्या माणसांना हातांवर उचलून गाडीत घालणारा मी. तुझी ती नळी मला बघवली नाही. गेमला नावं ठेवणं सोपं होतं, म्हणून ठेवली.

तर, शिकायला लागलो. वहिनींना लॅपटॉप घराबाहेर न्यायचा नव्हता, म्हणून रोज सकाळी दहाला मीच उस्मानपुऱ्याहून तुझ्या घरी. वहिनी शेजारी मेथी निवडत बसायच्या. टेबलावर तुझा चष्मा होता तसाच होता. त्याला वळसा घालून मी माऊस हलवायचो. पहिल्या दिवशी पल्लवीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, बाबांच्या नावाखाली नवीन डाव लावू नका, त्यांचा पुसला जाईल. गेममध्ये तीन नावं ठेवता येतात. दुसरं नाव तयार करा आणि त्यावर शिका." कुठं दाबायचं ते तिनं सांगितलं. मी दाबलं. दुसरं नाव आधीच तयार होतं. दत्त्या. खेळलेले डाव शून्य.

वहिनी म्हणाल्या, "ते तर त्यांनी मागंच करून ठेवलं व्हतं." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो आणि बसलो.

गेम तसा अवघड नाही. आठ पत्ते येतात, त्यातले पाचापर्यंत निवडून टाकायचे. जोडी, तीन सारखे, ओळीनं पाच, एकाच रंगाचे पाच, जे जमेल त्याचे गुण. फेरीला ठरलेले गुण गाठायला चार हात मिळतात, आणि नको ते पत्ते बदलून घ्यायला तीन संधी. अशा तीन फेऱ्यांची एक पायरी, आणि अशा आठ पायऱ्या. मी पहिला हात टाकला, इस्पिकची जोडी... नाही, जोडी एका रंगाची कशी असेल, बघ अजून गडबडतो. राजांची जोडी टाकली आणि हाताची घडी घालून बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, थांबलात का?"

"समोरच्याची पाळी आहे ना."

"समोर कोण हाय?"

सुखदेव, तू गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा. मेथी हातातून सांडेपर्यंत हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसल्या. मी उरलेले तीन हात टाकले आणि हरलो.

हरत सुटलो. तुला सांगतो, तू असतास तर त्या बसमधून मला खाली उतरवला असतास. माझ्या हातून दश्शी सुटेना. किलवरची दश्शी एकटी, कशाशी जमत नाही, तरी मी तिला धरून बसलेला, कारण मेंढी कधी कुणी टाकतं का? स्क्रीन अशी तिरकी करायचो की वहिनींना माझे पत्ते दिसू नयेत. आणि पत्ते बदलायच्या संधी मी पुढच्या अवघड फेरीसाठी राखून ठेवायचो, हुकूम राखतात तशा. चारही हात संपून डाव गेलेला असायचा आणि संधी तिन्ही तशाच शिल्लक. पल्लवीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, त्या पुढच्या फेरीत येत नाहीत. वापरल्या नाहीत तर गेल्या." मी तिच्याशीही वाद घातला. कसला गेम आहे हा, माणसानं काही राखून ठेवायचंच नाही का?

शिकवलं ते वहिनींनी. सातवीनंतर शाळा सुटलेली बाई, आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी एक हात टाकायला गेलो तर मेथी निवडता निवडता स्क्रीनकडं एक नजर टाकून म्हणाल्या, "ती जोडी नका टाकू. तीन बदाम हायत, बाकीचे बदला, पाच व्हतील." बदलले, पाच झाले. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "तुम्हाला येतो हा गेम?"

"तुम्ही आला नाय, मग मीच बसायची त्यांच्याजवळ. चार-चार तास काय करायचं?"

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

वहिनींनी मला जोकर समजावले. जोकर वर ओळीनं बसतात आणि डावीकडून एकेक कामाला लागतात. टाकलेल्या हाताचे गुण ज्या आकड्यानं गुणले जातात त्यात काही जोकर भर घालतात, एखादा त्या आकड्याची तिप्पट करतो. भर घालणारे आधी बसवायचे आणि तिप्पट करणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर जमलेल्या सगळ्याची तिप्पट होते. तो आधी बसवला तर तिप्पट करायला काही नसतंच, बिचारा फुकट जातो. वहिनींनी हे चपातीच्या पिठावरून समजावलं. आधी सगळं पीठ परातीत घ्या, मग पाणी. मला पटकन कळलं. तुला म्हणे कळत असून पटत नव्हतं. तिप्पटवाला सगळ्यात भारी, तो पंगतीत पहिलाच बसणार, असं तू म्हणायचास. यावरून त्या खोलीत तुमच्या दोघांचं भांडण व्हायचं आणि शेजारच्या पलंगावरचे रिक्षावाले रफिकभाई वहिनींच्या बाजूनं बोलायचे. मला ऐकूनच हसू आलं. एका लग्नातसुद्धा साडूंना पुढं बसवण्यावरून तू असाच अडून बसला होतास.

अशा सकाळी जात राहिल्या. मी हरायचो, चहा व्हायचा, परत लावायचो. घरी बायको म्हणाली, या वयात हे काय वेड? मी म्हटलं, वेडच आहे, पण ते माझ्या मागं कुणीतरी लावून गेलाय. तिसरी पायरी, मग चौथी, मग बरेच दिवस पाचवी. पाचवीवर एक फेरी अशी यायची की बदामाच्या पत्त्यांना गुणच मिळायचे नाहीत, आणि माझा सगळा कॅट बदामांनी भरलेला. तेव्हा शिकलो की हव्याहव्याशा पत्त्यांनी कॅट फुगवायचा नाही, तो छाटायचा. एका सकाळी किलवरची दश्शी मी स्वतःच्या हातानं कॅटमधून कायमची काढून टाकली. तू बघायला हवं होतंस. त्या डावात सहावीपर्यंत गेलो.

आणि मग एका शुक्रवारी आठवी पायरी चढलो. दत्त्या या नावावर. जिंकलो. वहिनींनी हातावर साखर ठेवली. मी म्हटलं, "आता सुखदेवचा लावतो." त्या म्हणाल्या, "आज नको, उद्या." दुसऱ्या दिवशी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो, मुलाखतीला आल्यासारखा.

तुझा डाव उघडला. आता मला तो वाचता येत होता. सुखदेव, सुंदर कॅट बनवला होतास रे. छाटून छाटून नेमका केलेला, अर्ध्याहून जास्त इस्पिकच. पत्ता न् पत्ता तू कसा विचार करून ठेवला असशील ते मला दिसत होतं. एवढी वर्षं तुझे पत्ते मी फक्त भुवईवरून ओळखले, पहिल्यांदा सगळे उघडे बघितले. दोन हात शिल्लक, बदलायची संधी एकही नाही. आणि वर जोकरांची ओळ. तिप्पटवाला सगळ्यात पुढं, पाहुण्यासारखा.

पहिला हात साधाच पडला, दोन जोड्या. त्यांच्या जागी नवे चार पत्ते आले, आणि हातात पाच इस्पिक झाले. पाचही एका रंगाचे. वहिनी खुर्चीवरून उठून माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आधी तिप्पटवाला शेवटी घ्या."

"नको, वहिनी."

"अवो, घ्या ना. नायतर पुरायचं नाय."

"त्यानं बसवलाय. त्याचं तसंच राहू दे."

मी हात टाकला. जोकर एकेक करून उडाले, आकडा वर चढत गेला, चढत गेला, आणि पाहिजे होता त्याच्या खाली थांबला. थोडक्यात राहिला. डाव संपल्याची पाटी आली आणि तुझे पत्ते स्क्रीनवरून गेले. तू धरून ठेवलेला डाव मी हरलो.

मी वहिनींकडं बघितलं नाही.  इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात त्या बोलल्या.

"ते बी हलवायचे, भाऊजी. माझ्याशी भांडायचे, आन् अडलं की गुपचूप शेवटी न्यायचे. जिंकले की परत पुढं आणून बसवायचे. त्यांनी कधी असा हात सोडला नसता. तुम्ही त्यांचा डाव खेळला नाय. तुम्ही त्यांच्या फोटोला हार घातला."

 वहिनींनी टेबलावरचा तुझा चष्मा उचलला, पदरानं पुसला, डबीत घालून कपाटात ठेवला. परत आल्या आणि लॅपटॉप मिटून त्याच्या पिशवीत भरला. पिशवी माझ्या हातात दिली.

"रफिकभाईंचा परवा फोन आला व्हता. आठवीचं काय झालं म्हणून. मी म्हटलं, भाऊजी येऊन सांगतील."

"मी?"

"मंगळवारी साडेदहाला. दुसरा मजला. ठावं हाय ना तुम्हाला?"

सुखदेव, तो जिना मला ठाऊक होता. त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी तसं विचारलं तेव्हा वाटलं, ह्यांनी त्या दिवशी काचेतून मला बघितलं असणार. आणि तुला? तुला सांगितलं होतं का त्यांनी? डोळे मिटलेले होते तुझे, की मी फिरलो तेव्हा तूही बघत होतास? हे आता मला कुणाकडून कळणार नाही आणि वहिनींना विचारायची माझी तयारी नाही. तू बघितलं असशील असंच धरून चालतोय. बघूनही तू मला तीनदा बोलावलंस आणि दत्त्या नाव तयार करून ठेवलंस. इतका मोठेपणा मला झेपत नाही, पण माझ्या वाट्याला आला, हे खरं.

मंगळवारी गेलो. दाराच्या काचेपाशी पाय थांबलेच. आत सहा पलंग, सहा मशीनं. लाल नळ्या. पिशवी छातीशी धरून मी दार ढकललं.

रफिकभाई खिडकीच्या बाजूला होते. दाढी पांढरी, एका हातात सुया. शेजारचा पलंग तुझा असणार. त्यावर आता एक बाई होत्या. मला आणि पिशवीला बघितलं आणि ते म्हणाले, "पत्तेवाले भाई के दोस्त ना? क्या हुआ फिर आठवी का?"

"हार गए."

"जोकर आगे हीच छोड़ दिए?"

"हौ. मैंने छोड़ा. गलती मेरी है."

त्यांनी मान हलवली. "भाभी की नै सुने." मग मोकळ्या हातानं पलंगाखालच्या स्टुलाकडं बोट केलं. "बैठो. इत्ते दिन बाजू के पलंग से सिरफ देखा मैं. मेरेकु सिखाव. चार घंटे हैं अपने पास."

मी स्टूल ओढलं. बसल्यावर नळी अगदी डोळ्यांसमोर आली, रफिकभाईंचं रक्त तिच्यातून संथ चाललेलं. मी ती नीट बघितली, सुईपासून मशीनपर्यंत, आणि मशीनपासून परत हातापर्यंत. बघता येते, सुखदेव. एवढंच होतं ते. एवढंच मला तुझ्यासाठी करता आलं नाही.

मग त्यांच्या मोकळ्या हाताशी माऊस दिला आणि तिसऱ्या जागी त्यांचं नाव घातलं.